बहुओळी मजकूर (ग्राफिक सॉफ्टवेअरमधील)

चित्रे, फलक, पत्रिका इत्यादी तयार करण्याच्या संगणक प्रणालीत एकाहून अधिक ओळींचा मजकूर मांडण्याची पद्धत. अशा प्रणालीत मजकूर हा चित्राचाच एक घटक असतो. म्हणून ओळ कुठे संपते हे बहुधा वेगळे सांगावे लागते. छपाईसाठी पान वर्णन करणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या संगणकभाषेतील (1984) ‘शो’ ही आज्ञा एका वेळी एकच ओळ काढते. एसव्हीजी 1.1 या चित्रांच्या फाइल-स्वरूपात ओळ आपोआप वळत नाही, प्रत्येक ओळीची जागा द्यावी लागते. वेबपानावरील कॅन्व्हास या चित्रफलकाला दिलेल्या मजकुरातील ओळतोडीचे चिन्ह तर साध्या मोकळ्या जागेत बदलते.

ओळ दोन कारणांनी संपते. लेखकाने एंटर दाबून संपवली ती पक्की तोड; चौकटीची रुंदी संपली म्हणून प्रणालीने वळवली ती कच्ची. कोरलड्रॉमधील आर्टिस्टिक टेक्स्ट व पॅराग्राफ टेक्स्ट, तसेच इलस्ट्रेटरमधील पॉइंट टाइप व एरिया टाइप ही विभागणी याच भेदावर उभी आहे; दोन्ही जोड्यांत पहिल्या प्रकारात पक्की तोड द्यावी लागते, दुसऱ्यात चौकट ओळ वळवते.

पक्क्या तोडीच्या चिन्हाचा उगम टेलिप्रिंटरमध्ये आहे. डोनाल्ड मरे यांच्या 1901 च्या सुमाराच्या संकेतावलीत (अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या यादीत) गाडा (यंत्राचा सरकणारा छपाईचा भाग) मागे नेण्याची व कागद एक ओळ सरकवण्याची अशी दोन चिन्हे आढळतात. पुढे संगणकांच्या आस्की या संकेतावलीत ती अनुक्रमे 13 व 10 या क्रमांकांवर आली. चिन्हे दोन का, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार गाडा डावीकडे परतायला एका अक्षराहून जास्त वेळ लागे (टेलिटाइप 33 या टेलिप्रिंटरचा वेग सेकंदाला 10 अक्षरे होता), आणि दुसऱ्या चिन्हामुळे तेवढी उसंत मिळे. दुसऱ्या मतानुसार या मुळातच यंत्राच्या दोन स्वतंत्र हालचाली होत. कागद न सरकवता गाडा मागे नेला की त्याच ओळीवर पुन्हा छापता येई. पहिले मत अधिक ऐकू येते, पण संकेतावलीची रचना पाहता दुसरे अधिक सयुक्तिक वाटते. उसंतीचा फायदा पुढे मिळाला असावा. संगणक चालवणाऱ्या प्रणालींपैकी मल्टिक्स व तिच्यामागून युनिक्सने केवळ 10 ठेवले, जुन्या मॅकिंटॉशने केवळ 13, तर डॉस व विंडोजने दोन्ही. एका प्रणालीतला मजकूर दुसरीत चिकटवल्यावर मध्येच रिकाम्या ओळी किंवा चौकोन उमटतात ते या भिन्नतेमुळे.

गोव्यात छापील ओळीचा इतिहास जुना आहे. भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची देवनागरी हस्तप्रत लंडनमध्ये आहे. ते ओवीबद्ध आहे. तीन सयमक चरण आणि चौथा आखूड, अशा रचनेत प्रत्येक तोड पक्की असते. तीच ओवी आज अरुंद चौकटीत वाहत्या मजकुरासारखी ओतली, तर चरण कुठे संपला ते डोळ्यांना कळत नाही. पद्य मांडताना चौकट ओवीच्या मापाची करावी. ओवी चौकटीच्या मापाची करू नये.

देवनागरीचा प्रश्न मुख्यतः ओळींतील अंतराचा. खिळ्यांच्या छपाईत ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, शिशाला इंग्रजीत ‘लेड’ म्हणतात, त्यावरूनच या अंतराला लीडिंग हा शब्द आला. अडोबीच्या प्रणाली हे अंतर आपोआप अक्षराच्या 120 टक्के धरतात, म्हणजे 20 पॉइंटला 24. रोमनला ते पुरते. पण देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. ‘मूर्तींच्या’मध्ये वेलांटी, रफार व अनुस्वार वर चढतात, तर वरच्या ओळीतील ‘उद्धृत’चे जोडाक्षर ऋकारासह खाली उतरते. दोन्ही एकमेकांवर आली की ओळी गुंततात. म्हणून अंतर हाताने वाढवणे इष्ट. गोव्यात एकाच फलकावर मराठी, कोंकणी व इंग्रजी मजकूर असतो, तेव्हा अंतर देवनागरीवरून ठरवावे. रोमनवरून ठरवल्यास मराठीची ओळ घुसमटते.

तोडीचे इतर नियम थोडे आहेत. व्यंजन व त्याची मात्रा यांमध्ये ओळ तुटू नये. दंड (।) ओळीच्या आरंभी येऊ नये. ‘श्री’ ओळीच्या टोकाला राहून ‘शांतादुर्गा’ पुढच्या ओळीत गेली, तर जत्रेच्या पत्रिकेवर ते फार खटकते. दोहोंमध्ये न तुटणारी मोकळी जागा घातली की ते टळते.

छपाईला पाठवताना मजकूर बहुधा कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांमध्ये, बदलतात. त्यानंतर ओळी म्हणजे केवळ आकृती उरतात. त्यांना वळवता येत नाही, एक अक्षरही दुरुस्त करता येत नाही. मुद्रितशोधन त्याआधी व्हावे आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.