ताई घरी येण्याआधी

स्थळ बघताना दोन्हीकडून चौकशी होते. बाळ सांभाळायला ताई ठेवताना मात्र फक्त तिचीच होते. आमच्याकडे तसं चालत नाही. पहिल्याच फोनवर हे सांगितलं की काही जण फोन ठेवतात. ठेवू देत.

आम्ही कोथरूडमधून पुण्यातल्या घरांना बाळासाठी ताई देतो, दिवसपाळीच्या आणि चोवीस तासांच्या.

ताईची चौकशी

मूळ आधार कार्ड आम्ही स्वतः बघतो, त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि ती राहते त्या घरी एकदा जाऊन येतो. तुम्हाला मिळणाऱ्या प्रतीवर पहिले आठ आकडे झाकलेले असतात. मूळ कार्ड तुमच्या कपाटात ठेवून घ्यायचं नाही, 'बाई मध्येच सोडून जाऊ नये म्हणून' तर अजिबातच नाही.

पोलिस व्हेरिफिकेशन करतोच. पण त्यातून तिच्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे का, एवढंच समजतं. रडणारं बाळ हातात आल्यावर ती काय करते, हे चौकीत कुणाला ठाऊक नसतं. त्यासाठी जुन्या घरी फोन लावावा लागतो. "बाई कशी होती?" असं विचारलं तर सगळेच "चांगली होती" म्हणतात. म्हणून आम्ही विचारतो, बाळ जेवायला तोंड उघडत नसेल तेव्हा ती काय करायची? बाळ पडलं तर तिने आपणहून सांगितलं, की संध्याकाळी टेंगूळ दिसल्यावर? या दुसऱ्या प्रश्नानंतर समोरचा गप्प झाला, तर तेही वहीत लिहून ठेवतो.

१८ वर्षांखालची मुलगी आम्ही पाठवत नाही. "गावाकडची पोरगी चालेल, बाळाशी नुसती खेळेल" असं आजही विचारलं जातं. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे.

तुमची चौकशी

घरात कोण कोण राहतं, कुत्रा आहे का, आधीची ताई का गेली, तिचा शेवटचा पगार दिला का, हे आम्ही विचारतो. जमलं तर तिच्याशीही बोलतो. वर्षात चार जणी बदलल्या असतील तर कारण कळल्याशिवाय पाचवी येणार नाही. काम कागदावर लिहून घेतो. बाळाचं जेवण, कपडे, अंघोळ यात येतं, घरभर केर-फरशी येत नाही. तिचा चहाचा कप वेगळा ठेवणार असाल तर तेही आधीच सांगा, आमचा वेळ वाचेल.

चोवीस तासांच्या ताईला झोपायला आतून कडी लागणारी खोली हवी. कॅमेरा लावायला आमची हरकत नाही, पण कुठे लावलाय ते तिला पहिल्या दिवशीच दाखवा. ती झोपते, कपडे बदलते तिथे तो नको.

घरातल्या कुणी अंगचटीला जायचा प्रयत्न केला, तर तिला आम्ही त्याच दिवशी बाहेर काढतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बायकांनाही लागू आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. ती कशी करायची, हे आम्ही प्रत्येकीला आधीच सांगून ठेवतो.

अंगठीची गोष्ट

एका घरात अंगठी हरवली. वहिनींनी ताईची पिशवी जमिनीवर उलटी केली. डबा, ओढणी, बसचा पास आणि तिच्या मुलाचं खोकल्याचं औषध, एवढंच निघालं. दोन दिवसांनी अंगठी वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात सापडली. तोवर ताईचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता. त्या इमारतीत ती परत कधी गेली नाही. तेव्हापासून करारात एक ओळ वाढली: काही हरवलं तर आधी आम्हाला फोन करायचा, पिशवीला हात लावायचा नाही, फोटो कुठेही टाकायचा नाही. दागिने आणि रोकड कुलपात ठेवायची जबाबदारी तुमची.

पहिले तीन दिवस

या दिवसांचा पगार द्यायचा आणि घरातलं कुणीतरी सोबत थांबायचं. ती आल्या आल्या हात धुते का? दूध मनगटावर टाकून बघते का? बाळ किरकिरलं की लगेच मोबाइल पुढे करते का? आपल्या मनाने कसलंही औषध द्यायचं नाही, झोपेसाठी तर नाहीच, हे तिला आम्ही बजावलेलं असतं. बाळगुटी द्यायची की नाही, हे तुम्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. फ्रिजवर एक कागद चिकटवा: तुमचे दोघांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, ११२ (तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन). ताईला मराठी वाचता येत असेल तर मराठीत, नसेल तर आकडे मोठे.

पहिल्या भेटीला दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा आणि बाळाचं लसीकरण कार्ड आणा. बाळाच्या आजी तुमच्याकडे राहत असतील तर त्यांनाही घेऊन या. दिवसभर ताईबरोबर घरात त्याच असणार.