उणे तीस अंशांतली फळबाग

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात भलत्याच वेळी उन्हाळा अवतरला. तिथल्या मार्चमध्ये अंगावर जाड कोट असायचा. त्या वर्षी पारा कित्येक दिवस २५ अंश सेल्सियसच्या आसपास घुटमळत राहिला. सफरचंदाच्या आणि चेरीच्या कळ्या नेहमीपेक्षा कितीतरी आधी फुगल्या. मग एप्रिल आला, आणि तो मात्र दरवर्षीसारखाच थंड होता. एकामागून एक रात्री पारा शून्याखाली उतरत गेला. त्या हंगामात राज्यातलं सफरचंदाचं सुमारे ९० टक्के पीक बुडालं, आंबट चेरीचीही तीच गत झाली. झाडं जगली, फळ तेवढं धरलं नाही. याच झाडांनी आधीच्या कित्येक जानेवारींत उणे वीसची थंडी सहज काढली होती. एप्रिलमधल्या उणे तीन-चार अंशांनी त्यांचं वर्ष गेलं.

थंड मुलखात घरामागे फळझाडं लावायची म्हटलं की माणूस आधी विचारतो, "इथे पारा किती खाली जातो?" प्रश्न बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न वेळेचा आहे: थंडी केव्हा येते, मधेच ऊब किती वेळा फसवते, आणि झाडाचं आतलं पंचांग त्या जागेच्या हवेशी जुळतं का? माझ्या मते बागेचं यशापयश याच दुसऱ्या अर्ध्यावर जास्त ठरतं, आणि रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर नेमकं तेच छापलेलं नसतं. अमेरिकेच्या कृषी विभागाचा जो विभागवार नकाशा सगळे वापरतात, तो वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर बेतलेला आहे. विभाग ४ म्हणजे साधारण उणे ३४ ते उणे २९ अंश. त्या नकाशात मार्चमधली फसवी ऊब कुठेच दिसत नाही.

पण आधी पहिला अर्धा. उणे तीस अंशांत झाड जगतं कसं?

ऑगस्ट सरता सरता दिवस आखूड होऊ लागले की बरीच झाडं वाढ थांबवतात. पानांतलं प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य रात्रीची लांबी मोजत असतं. सफरचंद आणि नाशपाती मात्र दिवसाच्या लांबीपेक्षा गारव्यावर अधिक विसंबतात. वाढ थांबली की पेशींतल्या स्टार्चची साखर होऊ लागते, पेशीच्या पडद्यांची घडण बदलते, पाणी कमी झालं तरी पेशीतला कारभार कोलमडू न देणारी प्रथिनं तयार होतात. त्यानंतर पहिला हिमतुषार पडतो आणि झाड आणखी कणखर होतं. जुलैमध्ये जी फांदी उणे तीनला मरेल, तीच जानेवारीत उणे तीस सोसते. म्हणूनच थंड प्रदेशात जुलैनंतर नत्र खत घालू नये, आणि शरद ऋतूत छाटणीही करू नये. दोन्हींमुळे झाड कोवळी फूट काढत राहतं आणि तयारी अर्धवट राहते.

खरी किमया पाण्याची आहे. झाडात बर्फ होतो, पण तो पेशींच्या बाहेरच्या फटींमध्ये. तो बर्फ पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर ओढून घेतो आणि आत उरतो घट्ट, गोठायला नाखूश असा रस. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर मात्र पेशी संपली. सफरचंदाच्या खोडातल्या काही पेशींना पाणी बाहेर सोडणं जमत नाही. त्या दुसरी वाट धरतात: त्यांच्यातलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतं, कारण बर्फ सुरू व्हायला लागणारा पहिला कण तिथे नसतो. या वाटेला तळ आहे. उणे ३८ ते ४० अंशांच्या आसपास पाणी कुठल्याही कणाविना आपसूक गोठतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदाच्या डहाळ्या हळूहळू थंड करत हे मोजलं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे डहाळीत खोचलेल्या तापमापकावर त्या क्षणी छोटासा उंचवटा दिसतो. तो उंचवटा जिथे दिसला, तिथेच लाकूड मेलेलं सापडलं.

भूर्ज, विलो, पॉपलर यांच्यासारखी उत्तरेची झाडं फक्त पहिली वाट वापरतात, आणि तिला जवळजवळ तळच नाही. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातले अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विलो-पॉपलरच्या डहाळ्या आधी उणे तीसपर्यंत गोठवून मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्या जिवंत निघाल्या. मला वनस्पतिशास्त्रातल्या मोजक्या थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी ही एक वाटते.

आता मिनेसोटा. मिनीआपोलिसमध्ये ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ अंशांवर होता; राज्याच्या उत्तरेला टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ नोंदला गेला. अशा ठिकाणी सफरचंद येणारच नाही, अशी एकोणिसाव्या शतकात समजूत होती. पीटर गिडियन या माणसाने लेक मिनेटोंकाच्या काठी वर्षानुवर्षं बिया पेरल्या आणि हिवाळ्यात मेलेली झाडं उपटली. सैबेरियाच्या रानटी, चिमुकल्या सफरचंदाचं रक्त असल्याचं मानल्या गेलेल्या एका रोपाने टिकाव धरला. त्यांनी १८६८ मध्ये ते वाण पुढे आणलं आणि पत्नीच्या नावावरून त्याला 'वेल्दी' म्हटलं. पुढे विद्यापीठाने हेच काम हाती घेतलं. १९२२ मध्ये 'हॅराल्सन' आलं, आणि १९६० मध्ये केलेल्या एका संकरातून १९९१ मध्ये 'हनीक्रिस्प'. या हनीक्रिस्पचं मूळ झाड १९७०च्या दशकात थंडीने दुखावलं होतं आणि टाकून द्यायच्या यादीत गेलं होतं. पैदासकार डेव्हिड बेडफर्ड यांनी त्याच्या कलमांना आणखी एक संधी दिली म्हणून ते फळ आज जगभर पोचलं.

फांद्या कणखर झाल्या तरी मुळांचं काय? मुळं फांद्यांइतकी कधीच कणखर होत नाहीत. ज्या सफरचंदाची फांदी उणे पस्तीस सोसते, त्याची मुळं माती उणे दहा-पंधराच्या आसपास गेली की मरू लागतात. त्यांना वाचवतो तो वर पडलेला हिम. फूटभर भुसभुशीत हिमाखाली माती शून्याच्या आसपासच राहते, मग वर हवा कितीही थंड असो. त्यामुळे हिम न पडलेला कोरडा, कडक डिसेंबर हा हिमवृष्टीच्या जानेवारीपेक्षा धोक्याचा. बुंध्याभोवती लाकडाच्या भुश्याचं वा पाल्याचं आच्छादन घालायचं ते यासाठी. आणि कलम घेताना वरचं वाण जेवढं पारखतो, तेवढाच खालचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप, पारखायला हवा. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग इथले प्रसिद्ध बुटके खुंट सौम्य हवेतले आहेत. रशियातल्या मिचुरिन्स्कचा 'बुडागोव्स्की ९' किंवा 'अँटोनोव्का' या रशियन सफरचंदाच्या बियांपासून केलेला खुंट इथे जास्त भरवशाचा.

हिमाच्या या उबेचा पुरता फायदा घेतला तो सैबेरियात. ओम्स्क आणि क्रास्नोयार्स्क भागात मोठ्या फळांची सफरचंदं जमिनीलगत आडवी वाढवायची पद्धत विसाव्या शतकात रुजली. फांद्या लहानपणापासून वाकवून जमिनीशी बांधतात, झाड गुडघ्याएवढं राहतं, आणि हिवाळ्यात सबंध झाड हिमाखाली जातं. वसंतात ते उघडं करायचं आणि कामाला लागायचं. मिनेसोटा विद्यापीठाने ब्लूबेरीत हाच विचार पैदाशीतून साधला. उंच ब्लूबेरीचा रानातल्या बुटक्या ब्लूबेरीशी संकर करून १९८३ मध्ये 'नॉर्थब्लू' आणि 'नॉर्थस्काय' ही वाणं दिली. झुडूपच एवढं ठेंगणं की हिवाळ्यात हिम त्याला झाकून टाकतो. ब्लूबेरीची अडचण थंडीपेक्षा मातीची आहे. तिला साडेचार ते साडेपाच सामू (पीएच) असलेली आम्ल माती लागते, आणि घरामागची माती बहुतेक वेळा तशी नसते. लावण्याच्या एक वर्ष आधी माती तपासून गंधक मिसळायला हवं.

आता पंचांगाकडे. पानं गळल्यावर झाड गाढ विश्रामात जातं. त्यातून उठण्याआधी त्याला ठरावीक तास गारवा मिळावा लागतो, ढोबळमानाने शून्य ते सात अंशांचा. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना असे ८०० ते १,२०० तास लागतात. उणे वीसचे तास या हिशोबात जवळजवळ धरलेच जात नाहीत. झाड ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आणि मार्चचा गारवा मोजतं. तास भरले की झाड फक्त उबेची वाट पाहत उभं असतं. जर्दाळू आणि पीच यांचे तास लवकर भरतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या चार उबदार दिवसांना ती भुलतात. पीचच्या फुलकळ्या तर मुळात उणे पंचविसाच्या आसपासच मरतात, त्यामुळे मिनेसोटाच्या अंगणात पीचच्या मागे लागू नये असं मी स्पष्टच सांगेन.

महाराष्ट्रातल्या बागायतदाराला हे सगळं उलट्या बाजूने ठाऊक आहे. नाशिकच्या द्राक्षाला थंडीचे तास मिळतच नाहीत, वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड. निसर्गाचं घड्याळ नाही, तर माणूस हाताने किल्ली देतो. आणि निफाडचा पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. मिशिगनचे बागायतदार एप्रिलच्या रात्री पाण्याचे फवारे सोडतात तेही त्याच भौतिकशास्त्रावर: एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं, आणि पाणी पडत राहील तोवर फुलाचं तापमान शून्याच्या फार खाली जात नाही.

फुलाला किती थंडी चालते याचे आकडे नीट ठाऊक आहेत. सफरचंदाची कळी नुकती टोकाला रुपेरी झाली असेल तर उणे नऊला दहातली एक मरते. पूर्ण उमललेल्या फुलांत उणे दोनला एक मरते आणि उणे चारला नऊ मरतात. म्हणजे उमलणं आठवडाभर लांबवता आलं तर पीक वाचतं. मिशिगनचा पश्चिम किनारा फळांचा पट्टा झाला तो यामुळेच. मिशिगन सरोवराचं गार पाणी तिथला वसंत रेंगाळत ठेवतं. घरामागे सरोवर नसतं, पण उतार असतो, भिंत असते. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी खालच्या खोलगट कोपऱ्यात साचते. तिथे झाड लावू नये. दक्षिणेची ऊबदार भिंत मोह घालते, पण ती जर्दाळूला आणखी लवकर जागं करते. लवकर फुलणारं झाड घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला बरं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री छोट्या झाडावर जमिनीपर्यंत जुनी चादर टाकली तरी एक-दोन अंश वाचतात, आणि वरचे आकडे पाहिले तर ते एक-दोन अंश म्हणजेच पीक.

हीच गोष्ट खोडावर घडते. फेब्रुवारीच्या दुपारी हिमावरून परतणारं ऊन खोडाच्या नैऋत्य बाजूला तापवतं, साल जागी होते, सूर्य मावळताच पारा वीस अंशांनी कोसळतो आणि साल उभी चिरते. कोवळ्या झाडाच्या खोडाला पांढरं वेष्टन गुंडाळणं किंवा पांढरा रंग देणं हा साधा, स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. हिमाखाली उंदरांसारखे व्होल आणि हिमावर उभे राहून ससे साल कुरतडतात, म्हणून बारीक जाळी हिमाच्या अपेक्षित उंचीच्या वरपर्यंत हवी.

नव्याने थंड शहरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाने सफरचंदाआधी झुडपं लावावीत असं माझं मत आहे. पहिला मान हास्कॅपचा. सैबेरिया, होक्काइडो आणि कॅनडात रानात उगवणारं हे निळं, लांबट फळ. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाने २००७ मध्ये 'बोरियालिस' आणि 'टुंड्रा' ही वाणं आणली. झुडूप उणे ४७ सोसतं, आणि उमललेलं फूल उणे सातला टिकतं. सफरचंदाच्या फुलाचे आकडे आठवले की याची थोरवी कळेल. फळ जूनमध्ये तयार होतं, चव आंबटगोड. एकाच वाणाची दोन झुडपं लावून भागत नाही. एकाच वेळी फुलणारी, नात्याने लांबची दोन वाणं लागतात. त्याच्या बरोबरीने सस्कॅटून बेरी लावावी, जिच्यावरून त्या विद्यापीठाच्या सस्कॅटून शहराचं नाव पडलं. करंट आणि गूसबेरी ही आंबट बेरींची झुडपं अर्ध्या सावलीतही फळतात, आणि कच्च्या गूसबेरीची चटणी कैरीच्या चटणीची बरीचशी उणीव भरून काढते. मात्र यांच्यावरून पांढऱ्या पाइनला जाणारा तांबेरा पसरतो. अमेरिकेत त्यामुळे घातलेली देशव्यापी बंदी १९६६ मध्ये उठली असली तरी काही राज्यांत निर्बंध आहेत, म्हणून रोप मागवण्याआधी राज्याचा नियम पाहावा. चेरी हवी असेल तर गोड चेरीचा नाद सोडून सस्कॅचेवानचीच 'कार्माइन ज्युएल' ही बुटकी आंबट चेरी घ्यावी. ती स्वतःच्याच परागावर फळते.

आलुबुखाराच्या बाबतीत लोक सर्वाधिक निराश होतात. झाड पांढऱ्या फुलांनी भरतं आणि फळ एकही नाही. थंड प्रदेशातली चांगली वाणं जपानी आणि अमेरिकेच्या रानटी आलुबुखाराच्या संकरातून आलेली आहेत. असे दोन संकर एकमेकांना सहसा फळवत नाहीत. त्यांना शुद्ध रानटी आलुबुखाराचा, किंवा साउथ डकोटात नील्स हॅन्सन यांनी काढलेल्या 'टोका'सारख्या वाणाचा पराग लागतो. कुंपणाकडेला एक रानटी आलुबुखार लावला की काम होतं. त्याची रोपं स्वस्त मिळतात, काटेरी असल्याने हरणं त्याच्यापासून जरा जपून राहतात, आणि त्याच्या तुरट फळांचा जॅम उत्तम होतो.