मेश वायफाय मध्येच तुटतंय? नवा नोड घेण्याआधी हे बघा

"रेंज फुल दाखवतंय, पण मीटिंग तुटते." मेश, म्हणजे एकाऐवजी अनेक छोटी वायफाय यंत्रं (नोड) जोडून घरभर पसरवलेलं नेट, बसवलेल्या घरांतून आम्हाला हे वाक्य वारंवार ऐकायला मिळतं, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: अजून एक नोड लावू का? नोड विकणं हा आमचाच धंदा आहे, तरीही सांगतो, घाईने लावू नका. पैसे जातील आणि त्रास कदाचित वाढेल.

फोनवरच्या काड्या फक्त फोन आणि जवळचा नोड यांच्यातलं नातं सांगतात. त्या नोडपासून मुख्य नोडपर्यंत (बहुधा खालच्या मजल्यावरचा, फायबरच्या डब्याला जोडलेला) आणि तिथून नेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यापर्यंत काय चाललंय, ते काड्यांवरून कळत नाही. म्हणून आधी नेमकं कुठे तुटतंय ते शोधायचं.

नेट गेलं की लगेच फायबरच्या डब्याचे दिवे बघा. 'एलओएस'चा, म्हणजे लाइनचा सिग्नल गेल्याचा, दिवा लाल दिसला तर दोष फायबरच्या लाइनचा आहे. नोड बंद-चालू करून काही होणार नाही. फायबरची बारीक वायर कपाटामागे दबली किंवा करकचून वाकली आहे का तेवढं पाहा आणि नेट देणाऱ्या कंपनीला कळवा. दिवे ठीक असतील तर मुख्य नोडशेजारी बसून दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करा. तिथे नीट चालला आणि वरच्या बेडरूममध्ये तुटला, तर दोष दोन नोडमधल्या दुव्यात आहे.

या दुव्याची सगळ्यात मोठी चूक जागेची असते. जिथे रेंज अजिबात येत नाही तिथेच नोड ठेवला जातो. मग आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नोड मुख्य नोड आणि ती खोली यांच्या मध्ये हवा, जिथे त्याला स्वतःला सिग्नल चांगला मिळतो. ॲपमध्ये नोडचा सिग्नल आकड्यात दिसत असेल तर उणे ६५च्या आसपास असू द्या. उणे ७५ किंवा त्याहून खाली गेला की कॉल तुटायला लागतात. आरसीसी स्लॅब, जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे सगळे सिग्नल अडवतात. दुमजली घरात जिन्याजवळची जागा बहुधा उत्तम, कारण तिथे स्लॅब उघडा असतो. टीव्हीमागे किंवा शोकेसच्या आत नोड ठेवू नका.

दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालणारा) नोड बहुतेक वेळा एकाच रेडिओवर तुमच्या फोनशीही बोलतो आणि मुख्य नोडशीही. त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यामागे साखळीने तिसरा नोड जोडला की आणखी घटतो. म्हणून शक्य असेल तिथे वायर टाका. कॅट ६ वायर १०० मीटरपर्यंत चालते. मात्र तिच्या आठही तारा नीट बसल्या पाहिजेत. एक जरी सैल राहिली तरी वेग १०० एमबीपीएसवर अडकतो किंवा जोड सतत तुटतो. मुख्य नोड राउटर म्हणून काम करत असेल तर वरच्या नोडची वायर त्याच्याच लॅन पोर्टला लावा, थेट फायबरच्या डब्याला नाही. ही गल्लत आम्ही बऱ्याच घरांत पाहतो.

फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफायही बंद करा, विशेषतः त्याचं आणि मेशचं वायफायचं नाव एकच असेल तर. फोन एका जाळ्यातून दुसऱ्यात उडी मारतो, त्याचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा नंबर) बदलतो आणि कॉल पडतो.

घरभर नेट मिनिटभर जाऊन आपोआप परत येत असेल तर चॅनेल, म्हणजे वायफाय ज्या लहरीच्या पट्टीवर चालतं तिचा नंबर, राउटरच्या सेटिंगमध्ये तपासा. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारही वापरतात. रडारसारखी लहर जाणवली की अनेक राउटर तो चॅनेल सोडून देतात, आणि याच पट्ट्यातल्या दुसऱ्या चॅनेलवर गेले तर किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसतात. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनेल ठेवून पाहा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ हेच ठेवा. मायक्रोवेव्ह चालू असताना तिथे थोडी अडचण येणारच.

लाइट गेल्यावर नेट जात असेल तर प्रत्येक नोडचा सॉकेट इन्व्हर्टरवर आहे का ते बघा. बऱ्याचदा खालचा असतो, वरचा राहून जातो. सगळे इन्व्हर्टरवर असूनही बंद पडून पुन्हा चालू होत असतील, तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर (लाइट जाताच झटकन बॅटरीवर जाणारा) आहे ना ते तपासा.

एवढं करूनही तुटत असेल तर आम्हाला फोन करा. नेट किती वाजता गेलं, कोणत्या खोलीत गेलं आणि तेव्हा डब्यावर व नोडवर कोणत्या रंगाचे दिवे होते, हे दोन दिवस कागदावर टिपून ठेवा. येणाऱ्या माणसाला तो कागद आधी दाखवा.