उशाजवळची विजेरी : उजेड किती आणि भरवसा कशाचा?

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती, आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची जमीन हादरली तेव्हाही चार वाजायला काही मिनिटेच उरली होती. भूकंपाचा घड्याळाशी काही संबंध नसतो, तरीही महाराष्ट्राच्या आठवणीतले हे दोन्ही मोठे भूकंप माणसे गाढ झोपेत असताना झाले. अशा वेळी सर्वांत आधी जाते ती वीज, आणि पलंगापासून दारापर्यंतची रोजच्या सवयीची दहा पावलेही पडलेले कपाट, फुटलेली काच आणि कोसळलेली भिंत यांच्यामुळे अनोळखी होतात. इतके मोठे संकट सुदैवाने क्वचितच येते. पावसाळ्यातल्या रात्री वीज जाणे, म्हाताऱ्या माणसाला दोन वाजता उठावे लागणे, कौलांतून काही तरी खाली पडल्याचा आवाज येणे, हे मात्र नेहमीचे आहे. या सगळ्यासाठी उशाशी एक विजेरी असावी, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नसे.

गावाकडे या वस्तूला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत जी खरी बॅटरी असते तिला सेल. ही भाषा मला फार नेमकी वाटते, कारण उशाजवळच्या विजेरीचा भरवसा जवळजवळ पूर्णपणे त्या सेलवर अवलंबून असतो. दुकानात मात्र विजेरी विकली जाते ती उजेडाच्या आकड्यावर. पाकिटावर १००० ल्युमेन (विजेरीतून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते मोजण्याचे एकक) लिहिलेली विजेरी १०० ल्युमेनवालीपेक्षा दहापट चांगली असणार, असा आपला समज होतो. शेताच्या बांधापलीकडे पाहायचे असेल तर त्यात तथ्य आहे. पण जी विजेरी वर्षातले बहुतेक दिवस नुसती पडून राहणार आहे आणि नेमक्या एका रात्री, झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात, पहिल्याच दाबाला लागायची आहे, तिची परीक्षा वेगळी असते.

आधी डोळ्याचा विचार करू. आपल्या दृष्टिपटलावर उजेड टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या सुमारे ६० लाख पेशी दिवसाच्या उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या सुमारे १२ कोटी पेशी रंग ओळखत नाहीत, पण अत्यंत मंद उजेडातही त्यांना दिसते. या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. प्रखर उजेडात ते विरंजित होते, म्हणजे निकामी होते, आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. ते पुरेसे भरून यायला वीस ते तीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. त्याच्या घडणीला अ जीवनसत्त्व लागते, म्हणूनच त्या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो. झोपेतून जागा झालेला माणूस तासन्‌तास मिटलेल्या डोळ्यांनी अंधारात असतो. त्याच्या दंडपेशी पूर्ण तयार असतात आणि त्याची बाहुली जवळजवळ पूर्ण उघडलेली असते. अशा डोळ्यासमोर पांढऱ्या भिंतीवरून परतणारा हजार ल्युमेनचा झोत आला, तर अर्ध्या तासाने कमावलेली दृष्टी काही क्षणांत जाते, आणि विजेरी विझवल्यावर तो माणूस पूर्वीपेक्षा जास्त आंधळा होतो.

मग उजेड हवा तरी किती? पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर साधारण पाव लक्स, म्हणजे एका चौरस मीटरवर पाव ल्युमेन एवढा प्रकाश पडतो, आणि त्या चांदण्यात अंगणातून बिनधोक चालता येते. आता दहा चौरस मीटरची, पांढऱ्या रंगाची खोली घ्या आणि केवळ ५ ल्युमेनची विजेरी तिच्या छताकडे रोखा. छत त्यातला तीन-चतुर्थांश प्रकाश परत पाठवते, तो भिंती आणि फरशीवर पसरतो, आणि ढोबळ हिशेबाने फरशीवर पाव लक्सच्या आसपासच उजेड येतो. पाच ल्युमेनमध्ये खोलीत पौर्णिमा उतरते. माझ्या मते उशाजवळच्या विजेरीचा हाच खरा आकडा आहे. साठी ओलांडलेल्या माणसांसाठी तो वाढवावा लागतो, कारण वयाबरोबर बाहुली लहान राहते आणि डोळ्याचे भिंग पिवळट होते. विशीतल्या डोळ्यात जेवढा प्रकाश शिरतो त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. घरात वृद्ध असतील तर १५ ते २० ल्युमेनची पायरी असलेली विजेरी घ्यावी. अधिक उजेडाची पायरी असायला हरकत नाही, फक्त बटण दाबताच पहिल्यांदा मंद पायरी लागली पाहिजे.

उजेडाचा रंगही महत्त्वाचा आहे. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तोच हा. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहण्यासाठी नसून दिवस की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी असतात, आणि त्या निळसर प्रकाशालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. म्हणून निळसर पांढऱ्यापेक्षा बल्बसारखा पिवळसर उजेड देणारा एलईडी रात्री बरा. पाणी पिऊन परत आलेल्या माणसाला झोप लवकर लागते. लाल उजेडाचीही शिफारस केली जाते, कारण गडद लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत आणि अंधाराला सरावलेली दृष्टी शाबूत राहते. तारे पाहणाऱ्यांना तो योग्य आहे, घरात मात्र मी तो एकमेव उजेड म्हणून ठेवणार नाही. लाल उजेडात रक्ताचा डाग उठून दिसत नाही, आणि गोळ्यांच्या पाकिटावरची लाल अक्षरे पुसल्यासारखी होतात.

कोकणात किंवा शेतावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्रीच बाहेर पडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसांना त्याचा दंश होतो आणि तो दंश अनेकदा जाणवतही नाही. अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी फरशी पाहणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि ती पाहताना विजेरी डोळ्याच्या उंचीवर न धरता शक्य तितकी खाली, जमिनीला जवळजवळ समांतर धरावी. वरून पडलेल्या प्रकाशात वस्तूची सावली तिच्याखालीच दडते. आडव्या प्रकाशात बोटभर जाडीच्या वस्तूचीही सावली लांबवर पसरते आणि काळसर फरशीवरचा काळसर साप सावलीमुळे दिसतो.

आता सेल. बहुतेक विजेऱ्या इथेच दगा देतात. गावच्या घरी कपाटात वर्षभर ठेवलेली पितळी विजेरी एकदा मी उघडायला गेलो तेव्हा तिचे बूड फिरेना. आतले सेल फुगून नळीला घट्ट चिकटले होते. तसे का होते ते सेलच्या रचनेतच आहे. स्वस्तातल्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचे डबडे हेच सेलचे ऋण टोक असते आणि तेच रासायनिक क्रियेत झिजत जाते. सेल वापरला जातो म्हणजे त्याची भिंत पातळ होत जाते, आणि शेवटी ती भोके पडून पाझरते. आतले क्षार आम्लधर्मी असल्याने स्प्रिंग गंजते. अल्कलाइन सेलमध्ये जस्त भुकटीच्या रूपात आत असते आणि बाहेरचे कवच पोलादाचे, त्यामुळे तो अधिक टिकतो आणि नुसता ठेवला तर वर्षाला दोन-तीन टक्केच ऊर्जा गमावतो. पण तोही सुरक्षित नाही. सेल संपत आला की जस्तापासून हळूहळू हायड्रोजन वायू सुटतो, दाब वाढतो, तळाची सील उघडते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन जी पांढरी भुकटी जमते ती पोटॅशियम कार्बोनेटची. ती अल्कधर्मी असल्याने व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने निघते. हे करताना हातात रबरी मोजे असावेत आणि डोळे जपावेत.

अशक्त सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरण्याची जुनी पद्धत आठवते का? त्यात तथ्य होते, पण थोडेच. उष्णतेने आतल्या आयनांची हालचाल सुलभ होते, सेलचा अंतर्गत रोध घटतो आणि काही वेळ बल्ब उजळतो. ऊर्जा मात्र नवी येत नाही, आणि पाझरण्याचा दिवस अलीकडे येतो. याहून घातक सवय म्हणजे जुना आणि नवा सेल एकत्र घालणे. एकापुढे एक जोडलेल्या सेलांतून एकच प्रवाह वाहतो. जुना सेल संपला तरी नवा त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो, जुन्याचा विभव (व्होल्टेज) उलटा होतो, वायू सुटतो आणि सेल फुटतो. हे लक्षात घेऊन मी उशासाठी एका एए सेलवर चालणारी विजेरी निवडीन. दुसरा सेलच नसल्याने हा धोका उरत नाही, आणि तीन छोट्या एएए सेलांची चौकट असलेल्या स्वस्त विजेऱ्यांत जे पाच-सहा सांधे असतात, आणि त्यातला एक मळला तरी सर्व विझते, ते दुखणेही टळते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, सेल देतो दीड. ही तफावत भरून काढणारा छोटा विभववर्धक परिपथ अशा विजेरीत असतो. एका चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये सुमारे ३ वॉट-तास ऊर्जा असते. वाटेतली गळती धरून वॉटला ७० ल्युमेन मिळाले असे मानले, तर ५ ल्युमेनचा उजेड चाळीस तास चालतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतली कित्येक गावे ज्या प्रकारे दिवसेंदिवस अंधारात होती, त्या मानानेही ही शिदोरी चांगली आहे.

परवडत असेल तर अल्कलाइनच्या जागी लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा, दीड व्होल्टचाच, पुन्हा चार्ज न होणारा सेल घालावा. तो महाग असतो, पण पाझरण्याची शक्यता फारच कमी आणि साठवणीचे आयुष्य २० वर्षांपर्यंत. चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलांपैकी जुन्या धाटणीचे सेल काही महिन्यांत आपोआप रिकामे होतात. २००५ पासून मिळू लागलेला, चार्ज टिकवून धरणारा प्रकार मात्र वर्षानंतरही बहुतांश भरलेला राहतो आणि तो चालेल. लिथियम-आयन बॅटरीच्या, यूएसबीवर चार्ज होणाऱ्या विजेऱ्या रोजच्या वापराला उत्तम आहेत. उशाशी पडून राहण्याच्या कामात त्यांची अडचण अशी की पूर्ण भरलेली ही बॅटरी उष्ण खोलीत पडून राहिली की लवकर म्हातारी होते, आणि बॅटरी आतच बंद असेल तर वीज गेलेल्या आठवड्यात तिला नवा सेल देता येत नाही. बाजारातल्या काही मोठ्या हातकंदिलांत शिसे-आम्ल बॅटरी असते. ती रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि पुढे ती चार्ज घेत नाही. वर्षातून दोनदा आठवण येणाऱ्या वस्तूसाठी ही बॅटरी नको.

बटणाकडे ग्राहकाचे लक्ष जात नाही. खटका दाबून परिपथ प्रत्यक्ष जोडणारे यांत्रिक बटण बंद असताना सेलमधून काहीच घेत नाही. मऊ इलेक्ट्रॉनिक बटणामागचा परिपथ मात्र सतत जागा असतो आणि थोडा थोडा प्रवाह पीत राहतो. काही विजेऱ्यांत हे प्रमाण नगण्य असते, काहींत सेल काही महिन्यांत रिता होतो. ज्यांच्या बुडाच्या आट्यांवर ॲनोडायझिंगचा विद्युतरोधक थर आहे, त्यांचे बूड पाव फेरा सैल केले की परिपथ तुटतो, पण मग अंधारात ते आधी आवळावे लागते, आणि घाबरलेल्या माणसाकडून ती अपेक्षा करू नये.

पाकिटावरचे आकडे वाचायचे असतील तर त्यांची व्याख्या माहीत हवी. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या आणि आता अनेक कंपन्या पाळत असलेल्या एफएल-१ मानकानुसार चालण्याचा काळ म्हणजे उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ, आणि पल्ला म्हणजे प्रकाश पाव लक्सवर उतरतो ते अंतर. म्हणजे ‘१००० ल्युमेन, ३ तास’ याचा अर्थ तीन तास हजार ल्युमेन असा होत नाही. बंद होण्यापूर्वी हळूहळू मंदावत जाणारी विजेरी उशासाठी बरी; एकसारखा उजेड देऊन अचानक विझणारी विजेरी सूचना देत नाही.

राहिली जागा. टेबलावर उभी ठेवलेली विजेरी भूकंपात सर्वांत आधी घरंगळते, म्हणून ती कापडी पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधावी, आणि त्याच पिशवीत चपलांचा एक जोड असावा, कारण फुटलेल्या काचेवर अनवाणी चालावे लागते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी उशाकडच्या भिंतीला खिळा मारून ती हाताच्या टप्प्यात टांगावी. बटणाभोवती स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची चमकती पट्टी चिकटवली तर दिवे गेल्यावरही काही तास ती जागा अंधुक दिसत राहते. स्वयंपाकघरातून गॅसचा वास येत असेल तर मात्र विजेरीलाही घरात हात लावू नये. बटणाची ठिणगीही पुरेशी असते, ती बाहेर जाऊन लावावी. आणि दर अमावास्येला, घरातले दिवे मालवून, डोळे मिटून, फक्त हाताने चाचपत ती शोधावी आणि लावून पाहावी. सेल काढून त्याच्या टोकांवर पांढरी भुकटी आहे का ते बघावे, आणि तो घातला त्या दिवसाची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून आत गुंडाळून ठेवावी.