कोविडची मदत आणि कलावंत मानधन: आकडा एकच, योजना दोन

कोविडच्या काळात राज्य सरकारने कलाकारांना एकदाच ५,००० रुपये दिले होते. ज्येष्ठ कलावंतांना सरकारकडून दरमहा मिळणारं मानधनही आज ५,००० रुपयेच आहे. आकडा सारखा असल्यामुळे गल्लत होते आणि ती महागात पडते. ‘माझा फॉर्म मागेच भरून झालाय’ असं समजून पन्नाशी उलटलेला पात्र कलावंत मानधनाचा अर्जच करत नाही. दुसरीकडे मानधनाच्या वयात न बसणारा चाळिशीतला ढोलकीवाला न मिळणाऱ्या पैशांसाठी चकरा मारत राहतो.

कोविडची रक्कम बुडालेल्या हंगामापोटी होती. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभरचं लॉकडाऊनही त्याच दिवशी सुरू झालं. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची जत्रा कमिटी तिथे येऊन सुपारी देते, म्हणजे खेळ ठरवते, आणि चैत्र-वैशाखातल्या खेळांवर फडमालकाचं कर्ज नि कलावंतांची उचल फिटते. ते सगळं त्या वर्षी जागच्या जागी थांबलं. २०२१ चा पाडवाही एप्रिलच्या निर्बंधांत सापडला. नाट्यगृहं मधले काही महिने निम्म्या प्रेक्षकांवर चालली, मग पुन्हा बंद झाली ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली.

मदतीचा निर्णय झाला ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे जत्रांचे दोन हंगाम हातचे गेल्यावर. ५६,००० एकल कलाकारांना प्रत्येकी ५,००० रुपये, असे २८ कोटी. कलासंस्थांसाठी तरतूद वेगळी. कला प्रयोगात्मक, म्हणजे प्रेक्षकांपुढे सादर होणारी हवी, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य हवं, कलेत १५ वर्षं काम हवं आणि वार्षिक उत्पन्न ४८,००० च्या आत हवं, अशा मुख्य अटी होत्या. पन्नाशीची अट नव्हती, त्यामुळे तरुण कलाकारही त्यात बसले. पण ४८,००० ची मर्यादा म्हणजे महिन्याला ४,०००. सरकारच्याच मापाने मोजलं तरी ही मदत सव्वा महिन्याच्या कमाईइतकी झाली. दोन बुडालेल्या हंगामांपुढे ती फारच तोकडी होती. आणि ती एकरकमी होती: पैसे एकदा खात्यात आले की विषय संपला. त्या यादीत नाव होतं म्हणून मानधन मंजूर होत नाही.

मानधन ही मुळात आपत्तीची योजना नाही. ती १९५४-५५ पासून चालू आहे आणि आयुष्यभर केलेल्या कलासेवेसाठी आहे. पूर्वी तिचं नाव वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना होतं, आणि राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा श्रेणींनुसार महिन्याला ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं आणि एप्रिल २०२४ पासून सर्वांना सरसकट दरमहा ५,००० झाले. वय किमान ५० लागतं, दिव्यांगांना ४० चालतं. कलेत किमान १५ वर्षं काम आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, या अटी आहेत. साहित्यिकही यात येतात. दुसरी नियमित मासिक पेन्शन चालू असेल तर अर्ज बाद होतो. शिवाय एका जिल्ह्यात वर्षाला १०० जणांचीच निवड होते, म्हणून अटींत बसणं आणि निवड होणं यांत अंतर राहतं.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पुराव्यावर. जत्रेचं पोस्टर काढून पाहा: वर फडमालकाचं नाव ठळक, खाली मुख्य नर्तकीचं, सोंगाड्याचं नाव असलं तर असलं. ढोलकी, हलगी, तुणतुणं वाजवणाऱ्यांचा पत्ताच नसतो. वीस वर्षं त्याच फडात वाजवलं तरी कागदावर तो माणूस दिसत नाही. अशा कलाकाराने फडमालकाकडून किंवा संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्यावं: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत काम केलं, कोणतं वाद्य किंवा भूमिका, संस्थेचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का. त्यासोबत वेगवेगळ्या वर्षांच्या जत्रा कमिटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तारखेच्या पावत्या, आणि आकाशवाणीवर कार्यक्रम झाला असेल तर तिचं करारपत्र. एकाच वर्षाचे दहा फोटो जोडण्यापेक्षा १५ वर्षांत पसरलेले पाच कागद जास्त उपयोगी पडतात. वर्तमानपत्राचं कात्रण वरची तारीख दिसेल असंच कापावं; तारीख नसेल तर त्यावरून वर्षं मोजता येत नाहीत.

दुसरी अडचण नावाची. रंगमंचावरचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं असेल, तर ती दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच लावावं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून कोविडच्या वेळचा दाखला आता चालत नाही. नवाच काढावा लागतो. बँक खात्यात आधार क्रमांक नुसता नोंदवून भागत नाही, थेट लाभ जमा होण्यासाठी ते खातं आधारशी संलग्न असावं लागतं. खातं थेट लाभासाठी आधारशी संलग्न आहे का, हे बँकेत स्पष्ट विचारावं.

मंजुरीनंतरही काम उरतं. दरवर्षी हयातीचा पुरावा द्यावा लागतो, तो चुकला की मानधन थांबतं. कलावंताच्या निधनानंतर मानधन पती किंवा पत्नीला मिळू शकतं, मुलांना नाही. त्यासाठी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो, म्हणून मंजुरीच्या आदेशाची एक प्रत घरात जोडीदाराला माहीत असेल अशा जागी असू द्यावी.