इंदूरच्या जुन्या मोटारी आणि हातचं पत्रेकाम

जुन्या मोटारीचं मडगार्ड कुजलं की हौशी मालक आधी 'ओरिजिनल पार्ट' शोधायला निघतो. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच उंची गाड्यांना असा पार्ट कधी नव्हताच. कारखाना चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन देई, बॉडी बांधणारे वेगळे असत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३०च्या दशकातली ड्यूसेनबर्ग एसजे घ्या. चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारिंगी आणि काळा. अशा एकट्या गाडीचा सुटा पत्रा कोण गोदामात ठेवणार?

या बॉडीचा सांगाडा सहसा ॲश लाकडाचा असे, त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादी पत्रा ठोकून बसवत. पत्र्याला गोलाई यायची ती वाळूच्या थैलीवर लाकडी हातोडा मारून. मग 'इंग्लिश व्हील'च्या दोन चाकांमधून तो पुढेमागे ओढत हातोडीचे डाग काढायचे. ठोकून ठोकून ॲल्युमिनियम कडक होतं, ते तापवून पुन्हा मऊ करावं लागतं; पण ते लाल होऊन इशारा देत नाही, थेट वितळतं. म्हणून कारागीर त्यावर साबण घासतात. साबण काळपट तपकिरी झाला की ज्योत बाजूला.

मडगार्डची कड आत तार घालून वळवलेली असे. ताकद त्या तारेमुळेच, आणि गंजही तिथूनच: तार आणि पत्रा यांच्या फटीत पावसाचं पाणी साचतं. आज कित्येक जण तार न घालता कड नुसती दुमडून मोकळे होतात. रंगाखाली ते दिसत नाही. कडेखालून बोट फिरवा, लगेच कळतं. हातोडीनं नवा पत्रा घडवण्याला मी नक्कल म्हणणार नाही, कारण मूळचाही तसाच घडला होता. तार गाळणं मात्र चोरीच.

ही रीत मोडली अमेरिकेत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फिलाडेल्फियाच्या बड कंपनीनं डॉज मोटारींसाठी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली. डाय, म्हणजे पत्रा दाबून घडवायचे साचे, महाग, पण त्यातून हजारो पत्रे एकसारखे निघत.

स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यांच्या काळात शेवरले, ब्यूकचे पत्रे मिळणं दुरापास्त झालं. गॅरेजमधल्या डेंटरनं मग कागदी नमुना काढून मडगार्ड, फ्लोअर हातानंच घडवायचे. राउरकेलाचा कारखाना १९५९मध्ये सुरू झाल्यावर देशी पोलादी पत्र्याची सोय वाढली. साध्या बॉडीकामाला १८ ते २० गेज, म्हणजे साधारण १.२ ते ०.९ मिलिमीटर जाडी, पुरते. सांधे लपवायला पूर्वी शिसं-कथिल भरत, पुढे लांबी, म्हणजे पुट्टी, आली. आणि लांबीनं आळशी पत्रेकामाला फार आसरा दिला.

दरम्यान गाडीची रचनाच पालटली. १९५७ची ॲम्बेसेडर आणि फिएट ११००, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, या दोघींना वेगळी चासी नाही. भार बॉडीच पेलते. दरवाज्याखालचा सिल तिथे शोभेचा नसतो. तो कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पट्ट्या झाळून घ्याव्या लागतात, नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि दरवाजा पुन्हा नीट लागत नाही.