ड्रायव्हर आहे, पण कार्ड यादीत नाही

धंतोलीतली एखादी पॅथॉलॉजी लॅब, सीताबर्डीतलं एखादं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. कोपऱ्यात सेकंडहँड सर्व्हर, आत पर्क एच700 कार्ड, म्हणजे डिस्का सर्व्हरला जोडणारं डेलचं रेड कार्ड. सेंटओएस 7 या फुकट लिनक्सवर असं यंत्र कुरकुर न करता वर्षानुवर्षं चालतं. 30 जून 2024 ला त्या आवृत्तीची मुदत संपली. सेंटओएस ज्यावर बेतलेलं त्या रेड हॅटच्या आठव्या किंवा नवव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर लावला की डिस्कच दिसत नाही. निदान ठरलेलं: ‘ड्रायव्हर नाही ना भाऊ.’

सगळा घोळ याच वाक्यात आहे. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, असतो. पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्ड ओळखतो ते पीसीआय आयडी या ओळख-क्रमांकावरून. एच700 चा आयडी 1000:0079. पहिला भाग निर्मात्याचा, दुसरा चिपचा. या कार्डाचा मेगारेड_एसएएस हा ड्रायव्हर आपल्या यादीत ही जोडी सापडली तरच कार्ड ताब्यात घेतो. मे 2019 मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8 ने ड्रायव्हर ठेवला आणि यादीतल्या जुन्या जोड्या खोडल्या. एमपीटी3एसएएस या दुसऱ्या डिस्क-ड्रायव्हरच्या यादीतून एसएएस2008 चिपही अशीच गेली. त्यामुळे मॉडप्रोब आज्ञेने ड्रायव्हर चढवला की त्याचं मॉड्यूल बिनतक्रार चढतं, आणि एसडीए (पहिल्या डिस्कचं नाव) काही उगवत नाही. रेड हॅटने बदल करण्याआधीच्या मूळ कर्नलमध्ये या जोड्या शाबूत आहेत. त्याच यंत्रावर डेबियन हे दुसरं लिनक्स लावलं तर डिस्क लगेच दिसते.

जुन्या कार्डांची दर आवृत्तीला चाचणी घेणं परवडत नाही, हा लिनक्स बांधून देणाऱ्या वितरकांचा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण जबाबदारी न घेणं वेगळं आणि चालणाऱ्या कार्डाला दार लावणं वेगळं. मग स्वयंसेवकांनी बांधलेली ड्रायव्हर डिस्क इन्स्टॉलरच्या आयएनएसटी.डीडी पर्यायाने चढवायची, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर सहीचं लचांड सोडवायचं, आणि पुढच्या किरकोळ आवृत्तीचा कर्नल आला की मॉड्यूल जुळेल ना याची धास्ती. रेड हॅटवरच बेतलेल्या अल्मालिनक्सच्या मे 2024 च्या 9.4 आवृत्तीने यांतल्या बऱ्याच जोड्या परत घातल्या. त्या ठेवल्याने काही अडत होतं असं मग कसं म्हणायचं?

याआधीचे बदल नावांचे होते. डिस्कचं नाव एचडीएचं एसडीए झालं, आणि जुनी नावं लिहिलेल्या एफएसटॅब या डिस्क-याद्या मोडल्या. एचपीच्या जुन्या कार्डांचा सीसीआयएसएस ड्रायव्हर 4.14 कर्नलमधून गेला, पण त्याच्या कार्डांना एचपीएसए हा नवा ड्रायव्हर मिळाला होता. एच700 ला तसा वारस कुणी नेमला नाही. जुना सर्व्हर घेताना दुकानातच एलएसपीसीआय -एनएन (lspci -nn) ही कार्डांची यादी देणारी आज्ञा चालवली, तर चौकटी कंसात ही जोडी दिसते.